अंगदुखीची गोळी आणि कौसाबाई

धारूरच्या माझ्या मेडिकलमध्ये कुणी "अंगदुखीची गोळी द्या" म्हणालं, की मी आधी विचारायची, "जेवलात का?" नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई मोठी अगत्याची दिसते. डोंगरातल्या एका वाडीवरून आलेले आजोबा तर एकदा संकोचून म्हणाले, "जेवन ऱ्हाऊ द्या बाई, च्या चालंल." मी त्यांना चहा पाजला, सोबत बिस्किटं दिली आणि मग गोळी हातावर ठेवली. पुढे ते आजोबा बाजाराच्या दिवशी गोळी नको असली तरी चहाला म्हणून यायचे.

आता ते दुकान नाही. मी बीडला मुलाकडे असते. मासिकाच्या या अंकासाठी "तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा" असा निरोप आला तेव्हा दोन-तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिले. दुकान कधी काढलं, फ्रीज कधी घेतला, कॉम्प्युटर कधी आला, यात कुणाला काय रस असणार? माझ्या डोळ्यांपुढे येतात ती काउंटरच्या पलीकडे उभी असलेली माणसं. त्यातही एकच बाई जास्त येते.

माझं माहेर अंबाजोगाईचं. माहेरी कापडाचं दुकान, सासरी किराण्याचं. डी. फार्म. झालेली सून घरात आली म्हटल्यावर सासऱ्यांनी किराण्याला लागून असलेली भुसाराची खोली रिकामी करून मला मेडिकल काढून दिलं. यजमान शाळेवर मास्तर होते, संध्याकाळी येऊन बसायचे. बाकी दिवसभर मी. त्या काळी तालुक्याच्या गावात काउंटरवर बाई उभी असणं लोकांना नवं होतं. पुरुष गिऱ्हाईक दारातून डोकावून विचारायचं, "मालक न्हाईत का?" मी म्हणायची, "मालकच बोलतेय, काय हवं?"

लोकांना वाटतं मेडिकल चालवणं म्हणजे चिठ्ठी वाचायची आणि पट्टी कापून द्यायची. आमच्याकडे निम्मी माणसं चिठ्ठीशिवाय यायची. कुणी कमरेवर हात ठेवून नुसतंच बघायचं, कुणी कानशिलं दाबून दाखवायचं. "मागच्यासारकी द्या" म्हणणारे पुष्कळ. मागच्या वेळची कोणती ते त्यांना आठवत नसायचं, आणि मला आठवत असेल याची त्यांना खात्री असायची. आणि सगळ्यांचं लाडकं मागणं एकच, "पॉवरवाली द्या."

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर दुखण्याच्या गोळ्यांची ढोबळमानानं दोन घराणी आहेत. एक पॅरासिटामॉलचं. ही ताप उतरवते, साधं दुखणं थांबवते, पोटाला फारसा त्रास देत नाही. पण सांगितल्यापेक्षा जास्त झाली तर यकृतावर जाते, आणि जाताना आधी काही कळवत नाही. दुसरं घराणं सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचं, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे. ह्या कामाला जोरकस. गावाची पॉवरवाली ती हीच. उपाशीपोटी घेत राहिलं की पोटाचं आतलं अस्तर सोलते. दिवसच्या दिवस चालू ठेवली की मूत्रपिंडं बिघडवते, रक्तदाब चढवते. उन्हात राबणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला तर ती आणखीच वाईट. यातल्या बऱ्याच गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या असतात. एका बाजूला चिठ्ठीचा नियम, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाची ठणकणारी कंबर, आणि मधे काउंटरवर मी.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहायचे. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. एका हिवाळ्यात त्यांना सर्दी-ताप झाला. माझ्याकडून तापाची गोळी घेताना ते सहज बोलून गेले की सर्दीची त्यांनी स्टँडवरच्या दुकानातून घेतली आहे आणि डोकेदुखीची किराण्यातून. मी म्हटलं, "तात्या, खिशातलं सगळं इथं काढून ठेवा." त्यांनी पट्ट्या काढल्या, विडीचं बंडल काढलं, ते घाईनं परत आत टाकलं. मी चष्मा लावून प्रत्येक पट्टीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. "ही बघा, हिच्यात पॅरासिटामॉल. हिच्यातही. आणि तुमच्या या डोकेदुखीच्या गोळीतही तेच."

तात्यांनी तिन्ही पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. "म्हंजी एकच आरोपी तीन नावांनी फिरतोय."

"होय. आणि तुम्ही तिघांनाही घरात घेतलंय. वर संध्याकाळी थोडी दारूही घेता. यकृताला दोन्हीकडून मार."

"ते तुमाला कुनी सांगितलं?"

"तुमच्या तोंडाच्या वासानं."

तात्यांनी दोन पट्ट्या मुकाट्यानं माझ्या हवाली केल्या. त्यानंतर ते कुठल्याही दुकानात गोळी घेताना विचारायचे, "आतला मानूस कोन हाय ते आदी सांगा." दुकानदार वैतागायचे. मला मात्र एक माणूस तरी पट्टीची मागची बाजू वाचायला शिकला याचा आनंद व्हायचा.

आता त्या बाईकडे येते.

दसरा झाला की धारूरचा बाजार बदलतो. ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडं सामानाला येतात. कोयत्यांना धार लावून घेतात, दोर, ताडपत्री, पातेली, पोरांना स्वेटर असं घेतात. त्याच गर्दीतली काही माणसं आमच्याकडे वळायची. पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या मुलखात, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, काढायचे. तिथं कोण ओळखीचं? म्हणून इथूनच औषध बांधून न्यायचं.

अशाच एका दिवशी ती आली. उंच, काटक, कपाळावर गोंदण, उजव्या मनगटाला फडकं आवळून बांधलेलं. तिनं दाराशी थांबून गर्दी ओसरू दिली, मग पुढं येऊन म्हणाली, "पॉवरवाल्या गोळ्यांचा एक डबा द्या."

"कुणासाठी?"

"मलाच."

"अख्खा डबा नाही देता यायचा बाई."

"कावून? पैसे रोख देते की."

मी तिला स्टुलावर बसवलं आणि नेहमीचं सांगायला लागले. या गोळ्या रोज घ्यायच्या नसतात, चार-दोन दिवसांच्या पुढं दुखणं राहिलं तर डॉक्टरला दाखवायचं, मनगट सुजलंय त्याला आधी आराम द्यायचा. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या मागच्या फळ्यांकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुमी म्हनता दुकलं की इसावा घ्या. लई बरोबर हाय. पर इसावा कुटं मिळतो? तुमच्या दुकानात हाय का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी तिचं नावगाव विचारलं.

तिचं नाव कौसल्या, सगळे कौसाबाई म्हणायचे. डोंगराखालच्या एका वाडीची. नवराबायको मिळून एक कोयता, ऊसतोडीत मजूर असे जोडीनंच मोजतात. तिनं त्या दिवशी मला तिचं काम समजावून सांगितलं, मी तिला गोळी समजावायची तसंच. तांबडं फुटायच्या आधी उसाच्या फडात जायचं. नवरा तोडणार, बायको वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, काढून मोळ्या बांधणार. गाडी आली की तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं, खाली यायचं, पुन्हा चढायचं. नवऱ्याची पाठ दुखली तर तो बसतो. बाईनं बसून चालत नाही, कारण कोपीवर आल्यावर भाकरी तिलाच थापायच्या असतात. "खाडा जमत न्हाई," ती म्हणाली. "म्हनून गोळी."

मी तिला मनगट आधी डॉक्टरांना दाखवून यायला लावलं. मग पॅरासिटामॉलच्या थोड्या पट्ट्या, मनगटाला बांधायचा पट्टा आणि चोळायचं मलम असं दिलं. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास गेले पाहिजेत हे तिला घड्याळावर सांगून उपयोग नव्हता, म्हणून कामाच्या वेळांवर बसवून दिलं: एक फडात जाताना, एक दुपारच्या जेवणावर, एक निजताना, आणि तीही दुखत असेल तरच. पॉवरवाली नाही. "आणि काहीही घेतलं तरी आधी अर्धी भाकर खायची."

"पहाटं भाकर थापायला येळ कुटला?"

"रातची शिळी असेल ना?"

"आसती."

"मग शिळीच खायची. पोटाला चालतं."

त्या वर्षी ती गुढीपाडव्याच्या आसपास परत आली तेव्हा आमच्यासाठी काकवी घेऊन आली. मनगट बरं होतं. त्यानंतर दर वर्षी ती जाताना यायची आणि आल्यावर यायची. मधल्या उन्हाळ्या-पावसाळ्यातही बाजाराला आली की दुपारी दुकानाच्या पायरीवर टेकायची. दुपारी एक ते चार धारूरमध्ये चिटपाखरू नसतं. मी काउंटर सोडून तिच्याशेजारी येऊन बसायची. ती मला काकू म्हणायची, मी तिला कधी अगं-तुगं करायला लागले ते कळलंही नाही. तिच्या वाडीची भांडणं, माझ्या भाऊबंदांची, पोरांची लग्नं, असलं काहीबाही बोलत आम्ही बसायचो. तिला हसायला फार कमी लागायचं, आणि ती हसली की तोंडावर पदर धरायची.

आमचे यजमान गेले तेव्हा ती कारखान्यावर होती. तिला कळायला वेळ लागला. परत आल्यावर सामान वाडीवर टाकून ती तडक दुकानात आली. कोपऱ्यातला झाडू घेतला, दुकान झाडून काढलं, फळ्या पुसल्या, माठ घासून भरून ठेवला आणि मग पायरीवर बसून राहिली, पार दिवस कलेपर्यंत. सांत्वनाला त्या महिन्यात पुष्कळ माणसं येऊन गेली होती. मला ती एक दुपार आठवते.

त्यानंतरच्याच हंगामातली गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. फोन वाजला.

"काकू, कौसा बोलती." आवाज अगदी बारीक.

"काय गं, बरी आहेस ना?"

"चक्कर येती. फडात दोनदा खाली बसले." जवळपास माणसं असावीत, कारण पुढचं अगदी हळू बोलली. "आन परसाकडला काळं होतंय. डांबरावानी."

आमच्या धंद्यात काही शब्द ऐकले की आपोआप खुर्चीतून उठायला होतं. शौचाला काळं, डांबरासारखं चिकट होणं म्हणजे पोटात वरच्या बाजूला कुठंतरी रक्त वाहत असण्याची भीती. ते खाली येईपर्यंत काळं पडतं, लाल दिसत नाही, म्हणून लोकांना ते रक्त वाटतच नाही. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, म्हणून मी आधी ते विचारलं.

"न्हाई, तसल्या गोळ्या न्हाईत."

"मग कसल्या घेतेस?"

ती माणसांपासून बाजूला गेली असावी, वाऱ्याचा आवाज वाढला.

"पुडी घेती. हितं कोपीजवळ टपरी हाय, तिथं मिळती. तीन रंगाच्या गोळ्या आसत्यात कागदात. घेतली की दिवसभर कायबी दुकत न्हाई."

"रोज?"

"रोजच की. पहाटं. काळ्या च्यावर."

"आणि मी दिलेल्या?"

"त्या कवाच सरल्या काकू. टोळीतल्या पोरींचं लई दुकत हुतं, त्यान्ला वाटल्या."

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. दोन्ही बाजूला ठेवून म्हटलं, "कौसा, आता एकही गोळी घ्यायची नाही. आज दवाखान्यात जायचं. आत्ताच्या आत्ता."

"आज न्हाई जमायचं. गाडी लागलीया भराया. उद्या बगते."

"उद्या नाही. तुझ्या पोटात रक्त गळतंय. मुकादम आहे का तिथं? त्याच्याकडं फोन दे."

मुकादम तिच्याच वाडीचा होता, दिगंबर नावाचा. त्याच्या आईची रक्तदाबाची औषधं माझ्याकडून जायची, त्यामुळे तो मला ओळखत होता. मी त्याला सांगितलं. तो आदबीनं म्हणाला, "काकू, एवढी गाडी भरून जाऊ द्या, मंग नेतो. कारखान्यावर गाडीची पाळी चुकली तर पुन्ना कवा लागंल त्याचा भरोसा न्हाई."

"दिगंबर, तुझ्या आईच्या औषधात मी तुला कधी उगाच घाबरवलंय का?"

"न्हाई."

"मग ऐक. तिच्या हातावर कोयता लागून असं रक्त वाहत असतं, तर तू गाडी भरायची वाट बघितली असतीस का? हे आत वाहतंय. दिसत नाही एवढाच फरक."

त्यानं फोन तोंडापासून लांब धरला. मग तो कुणाला तरी म्हणाला ते मला ऐकू आलं. "मोटरसायकल आन रं. पळ."

मी त्याला घाईघाईनं सांगितलं की टपरीवरची पुडी सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा. तिला वाटेत दुखण्याचं काहीही देऊ नका. फोन बंद झाला. त्या दिवशी दुकानात जी माणसं आली त्यांना मी काय दिलं, काय बोलले, मला आठवत नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा वाचून दिली एवढं खरं, कारण स्वतःवर भरवसा नव्हता. दिवेलागणीला तिच्या नवऱ्याचा, मारुतीचा फोन आला. तिकडच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं होतं. रक्त चढवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पोटात जखम आहे, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. एवढं सांगून मारुती म्हणाला, "काकू, ती तुमचं नाव घेती हाय. म्हनती, काकूला सांगा, भाकर खाल्ली न्हाई म्हनून रागवू नगा."

हंगाम संपायच्या आधीच ती वाडीवर परत आली. दुकानात आली तेव्हा मी तिला ओळखायला क्षणभर चुकले, इतकी उतरली होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की दुखण्याच्या जोरकस गोळ्या तिला यापुढं बंद. कुठल्याही दवाखान्यात गेली तरी पोटातून रक्त गेलं होतं हे आधी सांगायचं. ती मला हे सगळं नीट, पाठ केल्यासारखं सांगत होती. मग म्हणाली, "काकू, मला कुनी सांगितलं न्हाई आसं न्हाई. तुमी सांगितलं हुतं. पर पुडीनं दुकतच न्हाई म्हनल्यावर वाटलं, आपुन बरे झालो."

मला ते फार पटलं. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं कुणालाही वाटतं, मलाही वाटतं. गोळी फक्त दुखण्याचा आवाज बंद करते, आत जे चाललंय ते चालूच राहतं. एवढी साधी गोष्ट मी इतकी वर्षं सांगत होते, पण तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघून मला ती पहिल्यांदा नीट कळली.

पुढच्या दसऱ्यानंतर ती आली ती एकटी नाही. तिच्या टोळीतल्या सगळ्या बाया सोबत होत्या. दुकानात मावेनात, म्हणून पायऱ्यांवर बसल्या. "काकू, ह्यान्ला सांगा," ती म्हणाली. मी सांगायला सुरुवात केली. यकृत, मूत्रपिंड, अस्तर. बाया माना डोलवत होत्या, पण नजरा बाजारात होत्या. कौसानं दोन मिनिटं ऐकलं आणि मला थांबवलं.

"थांबा काकू, मी सांगते." ती बायांकडं वळली. "तव्यावर भाकर न्हाई आन खाली जाळ घातला, तर काय जळंल?"

"तवा," एकजण म्हणाली.

"माजा तवा जळला. काळं गेलं अंगातनं, डांबरावानी. रगत चढवलं. उपाशी पोटी गोळी खायची न्हाई. टपरीवरची पुडी तर हातात धरायची न्हाई, तिच्यात काय आसतं ते त्या टपरीवाल्यालाबी ठावं न्हाई. दोन-तीन पट्ट्यांतल्या गोळ्या एका येळेला खायच्या न्हाईत. आन काळं दिसलं तर लाजायचं न्हाई, गाडी भरायची ऱ्हाऊ द्यायची."

आता एकीचीही नजर बाजारात नव्हती. मी मागं उभी राहून ऐकत होते.

सगळ्या उठल्यावर एक तरणी पोर, मुक्ता, मागं रेंगाळली. हळूच म्हणाली, "काकू, मला दिवस गेलेत. घरी अजून सांगितलं न्हाई. मला कंबरंची गोळी चालंल का?" मी तिला सांगितलं की पॉवरवाली तर अजिबात नाही, पोटातल्या बाळाला ती बाधते. साधी गोळीही डॉक्टरांना विचारून. आणि तपासणी करून घेतल्याशिवाय जायचं नाही. कौसा तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

त्यानंतर सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. टपऱ्या आहेत, पुड्याही आहेत. पण त्या टोळीचा औषधाचा डबा पुढं कौसाकडे असायचा. अडलं की फोन यायचा. "काकू, हिला ताप हाय आन अंग दुकतंय, कोनती देऊ?" मी विचारायची, ती तिकडे विचारायची, उत्तर मला सांगायची. असं दोघींचं मिळून एक दुकान चालायचं, अर्धं धारूरला आणि अर्धं कारखान्यावरच्या कोपीत. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षं होती हे मला तेव्हा कळलं नाही.

गुडघे गेले आणि दुकान सुटलं. दिवसभर उभं राहणं जमेना. मुलगा बीडला कोर्टात नोकरीला, तो म्हणाला, "आई, आता बास." त्याचं बरोबरच होतं. ज्या दिवसांत दुकान दुसऱ्याच्या हवाली केलं त्या दिवसांत कौसा कारखान्यावर होती. मी तिला फोनवर सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. पुढं तिचा नंबर लागेना. एक बाई "हा नंबर उपलब्ध नाही" एवढंच सांगायची.

बीडला आमच्या बिल्डिंगच्या खालीच मेडिकल आहे. दुकानदार तरुण, हुशार, कामाला चपळ. मी माझी औषधं घ्यायला जाते. माझ्याही गुडघ्यांना आता साधीच गोळी, कारण रक्तदाब आहे. एकदा माझ्या पुढं एक बाई पॉवरवाली मागत होत्या. पाय सुजलेले दिसत होते. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "तुम्हाला बीपी आहे का हो?" त्या दचकल्या. दुकानदार हसून म्हणाला, "आजी, जरा बाजूला थांबता का?" मी बाजूला थांबले. त्याचं चुकलं नव्हतं, मागं रांग होती. मी घरी आले आणि सुनेला काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी माझं दुकान मला इतकं आठवलं, की डेटॉल आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा तो मिसळलेला वास नाकात येत राहिला. दुपारी एकपासून चारपर्यंत मी गॅलरीत बसले. रस्त्यावर रिक्षांची, क्लासच्या पोरांची वर्दळ. धारूरसारखी मोकळी दुपार इथं होतच नाही.

यंदा दसऱ्यानंतर मुलाला न विचारता एसटीत बसून धारूरला गेले. कुणाला भेटायचं ते मनात पक्कं होतं. आमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पायऱ्या फोडून तिथं उतार केला आहे. बाजारात ट्रॅक्टर भरत होते. मी एकेक तोंड बघत फिरत होते, तेवढ्यात मागून हाक आली, "काकू!"

मुक्ता होती. दोन पोरांची आई झाली होती. मी तिचा हात सोडायच्या आधीच विचारलं, "कौसा कुठंय?"

"मावशी तिकडंच ऱ्हायल्या. पोरानं कारखान्याच्या गावात गोठ्यावर काम धरलंय, बारा म्हैन्याचं. आता हिकडं येनं न्हाई." आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "थांबा, लावून देते."

तिनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी गोठ्याचं छप्पर दिसलं, मग कपाळावरचं गोंदण, मग अख्खी कौसा. केस पांढरे झालेत. मला बघून तिनं तोंडावर पदर धरला.

"काकू, वाळलाव की."

"तू मात्र जाड झालीस."

"दूध हाय ना हितं. नळाला पानी हाय, पक्कं घर हाय. समदं हाय." तिनं पदर नीट केला. "पर दुपारी शेजारी बसायला कुनी न्हाई बगा."

"माझंही तसंच आहे."

"मंग या की हिकडं."

"तूच ये ना बीडला."

दोघी हसलो. म्हशीला कुठं बांधायचं आणि नातवाला कुठं ठेवायचं हे ती मला सांगायला लागली, जणू खरंच निघायचं ठरलं होतं. मीही तिला आमच्या घराचा पत्ता सांगितला, स्टँडवरून रिक्षा कुठली करायची ते सांगितलं. तिनं तो मन लावून ऐकला. मधेच आवाज तुटला आणि तिचा चेहरा पडद्यावर तसाच थांबून राहिला, काहीतरी बोलता बोलता. मी बघत राहिले. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला.

"काकू, गाडी निघाली," मुक्ता म्हणाली. मी फोन तिच्या हातात दिला. ती पोराला वर चढवून स्वतः चढली आणि सामानावर बसून लांबपर्यंत हात हलवत गेली.

स्टँडवर आले तेव्हा बीडची एसटी लागलेली होती. जागाही होती. दुपारचे चार वाजायला अजून वेळ होता. मी बाकावर शेजारी एकीपुरती जागा ठेवून बसले आणि ती गाडी जाऊ दिली.